सात नंबरचा कळप आणि शेऱ्याचा रकाना

२ फेब्रुवारी

डोकं इतकं फिरलंय की ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा घेतला नाही, थेट वहीच उघडली.

सकाळी गुरुशांतनं बोलावलं. गुरुशांत म्हणजे आमच्या संशोधन केंद्राचा प्रमुख. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, अक्कलकोटकडचा, आणि आभाळ कोसळलं तरी ह्या माणसाचा आवाज चढत नाही. त्यानं एक परिपत्रक माझ्यापुढं सरकवलं. सरकारी निधीतून झालेल्या प्रत्येक संशोधनाची सगळी माहिती ३१ मार्चच्या आत पोर्टलवर टाकायची. जगाला खुली. मूळ नोंदी जशाच्या तशा, एकही रकाना न गाळता. वर ती कशी गोळा केली ते इतक्या तपशिलानं लिहायचं की अनोळखी माणसालाही वाचून तसंच करता आलं पाहिजे.

मी म्हटलं, “म्हणजे सहा वर्षं उन्हातान्हात मेंढ्या तोलायच्या मी, आणि पेपर लिहायचा कुणीतरी एसीत बसून?”

“नियम आहे की सर,” गुरुशांत म्हणाला.

“आणि नाही टाकली तर?”

“तर प्रकल्प पूर्ण झाल्याचा दाखला मिळत नाही. पुढचा टप्पा मंजूर होत नाही. आणि तुम्ही तर मेअखेर रिटायर होताय.”

म्हणजे माझी उसळी गेली! सांगोला तालुक्यातले अकरा कळप, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मेंढीचं वजन, अशी सहा वर्षं. त्यातून मला एकच गोष्ट सापडली, पण काय गोष्ट! पाऊस झाल्यावर दोन दिवसांत तोललं, की मेंढीचं वजन एकदम वाढलेलं असतं. इतर कळपांत अर्धा किलो, पण सात नंबरच्या, म्हणजे केराबाईच्या कळपात त्याच्यावर आणखी थेट दोन किलो. तिच्या माळावर नक्की काहीतरी आहे. मी मनातल्या मनात माझ्याच नावानं त्याचं बारसंही केलंय. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. ‘वेणीमाधव उसळी’. पेपर तेवढा लिहायचा राहिलाय. चार वर्षं राहिलाय, पण डोक्यात सगळा तयार आहे.

ही वही टेबलाच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली जुन्या चष्म्याच्या घरात. घरात एक तरी गोष्ट माझी एकट्याची असावी.

३ फेब्रुवारी

लीलाला फक्त इतकंच सांगितलं होतं की एक परिपत्रक आलंय. बायको तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. उत्तर बरोबर आलं तरी तिला पायऱ्या बघायच्या असतात. जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाली, “अहो, पाऊस पडल्यावर दोन दिवसांत गवत तरी उगवतं का हो?”

“कसलं गवत?”

“काही नाही, सहज विचारलं.”

उसळीबद्दल मी घरात कधी बोललो नाही असं मला वाटतं. बोललो असेन केव्हातरी. शेंगाचटणी आज झक्कास झाली होती.

९ फेब्रुवारी

सवलतीचा अर्ज करायचं ठरवलं. गुरुशांत म्हणाला, “करा की सर, पण कारण काय लिहिणार?” अर्जात तीनच कारणं छापलेली आहेत. देशाची सुरक्षा, पेटंट, नाहीतर व्यक्तींची खाजगी माहिती. मेंढ्यांपासून देशाला धोका आहे असं लिहिणं मलाही जड गेलं. मग खाजगी माहितीवर खूण केली. मेंढपाळांची नावं आहेत ना त्यात!

प्रियंका शेजारी बसून फाईल लावत होती. ही माझी प्रकल्प सहायक. मेंढपाळाच्याच घरची, सांगोल्याकडची, एम.एस्सी.ला पहिली आलेली. सहा वर्षं एकेक वजन हिनंच वहीत उतरवलं. पुढचा टप्पा झाला तर त्यावर तिची पीएच.डी. आहे. म्हणाली, “सर, माहिती टाकायची झालीच, तर शेऱ्याचा रकाना पण टाईप करावा लागेल. एकही रकाना गाळायचा नाही म्हणतात.”

हा शेऱ्याचा रकाना म्हणजे डोक्याला ताप. पहिल्या वर्षी मी एकदा वरवर चाळला होता. “चंद्री रुसली, काट्याला येईना.” “आज जावई आला, उशीर झाला.” हे विज्ञान म्हणायचं? तेव्हाच सांगितलं, हा कचरा संगणकात घालायचा नाही.

“पण सर, त्यात घोंग…”

“प्रियंका, विज्ञानात जावई नसतो.”

तिनं पुढची फाईल ओढली. गुणी पोरगी आहे, पण तपशिलात फार अडकते.

१४ फेब्रुवारी

अर्ज परत आला. नावं झाका आणि क्रमांक द्या, नाहीतर मेंढपाळांची लेखी संमती घ्या, म्हणून. हात्तिच्या! इतकं सोपं उत्तर असतं होय? मी क्रमांक देऊन टाकले. केराबाई झाली सात.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून काढतो.

क्रमांक दिले तरी मेंढपाळांना कळवायला हवं, असं प्रियंकाचं म्हणणं. वर म्हणाली, “पद्धत लिहायचीच आहे, तर एकदा तोलताना बघून घ्या ना सर.” मी शेवटचा तोलताना कधी हजर होतो ते आठवेना. फोटो काढायला गेलो होतो, ते तिसऱ्या वर्षी. मग म्हटलं चला.

काटा टांगलेल्या बाभळीखाली केराबाई उभीच होती. साठीची बाई, हात दोरखंडासारखे, आवाज माळाच्या त्या टोकाला पोचेल एवढा. नवरा धुळा मेंढ्या वळवत होता. मी तिला समजावलं की तुमचं नाव कुठं येणार नाही, कुणाला काही कळणार नाही, तुम्ही नुसत्या ‘सात’.

“सात?” ती ओरडली. “मेंढरं माजी, बाभळ माजी, सा वर्सं तुमच्या काट्याला माजं खांदं, आन् मी सात? मी काय कैदी हाय व्हय? डाक्टर, माजं नाव लिवा! केराबाई धुळा असं पुरं लिवा. आन् ह्या पोरीचं बी लिवा.”

“तशी सही करावी लागेल.”

“करती की! बचत गटात शिकलेय.” आणि कागद मांडीवर घेऊन तिनं केराबाई असं कोरून काढलं. ‘के’ची मात्रा दोनदा गिरवली.

मग तोलणं सुरू झालं. तिनं खांद्यावरचं घोंगडं काढलं, त्याची चारी टोकं बांधली आणि रिकामंच काट्याला टांगलं. “अडीच!” प्रियंकानं लिहिलं. मग घोंगड्यात मेंढी बसवली. “एकतीस!”

मी म्हटलं, “अहो, झोळी कुठाय? ऑफिसनं प्रत्येक कळपाला कापडी झोळी दिली होती ना?”

केराबाईनं शेजारच्या फांदीकडं बोट केलं. झोळी तिथं टांगलेली होती, आणि झोळीतून एक काळाकुळकुळीत पाय बाहेर आलेला. “नातू निजलाय तिच्यात. थोरला नातू बी तिच्यातच वाढला. झ्याक कापड हाय हां, सरकारचं.”

“मग मेंढ्या?”

“घोंगड्यात की! पयल्या दिवसापासनं. घोंगड्यात मेंढरू लई शांत बसतंय.”

मी अगदी सावकाश विचारलं, “पावसात?”

“पावसात घोंगडं भिजणारच की, डाक्टर. भिजलं की साडेचार भरतंय.”

साडेचार वजा अडीच. मी एवढा शिकलेला माणूस, पण तिथं उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. दोन.

आमच्या संगणकात सगळ्या कळपांच्या वजनातून झोळीचे चारशे ग्रॅम वजा होतात. चारशे! वेणीमाधव उसळी म्हणजे केराबाईचं ओलं घोंगडं. तिच्या माळावर खास असं काहीही नाही.

परतताना जीपमध्ये मला स्वतःची लाज वाटली. फार लाज वाटली. प्रियंकानं पाण्याची बाटली पुढं केली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

२३ फेब्रुवारी

घरी काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, ऊन लागलं. तरी लीलानं आज शेंगापोळ्या केल्या. ना सण, ना पाहुणा. “कोण यायचंय?” म्हटलं तर म्हणाली, “कुणी नाही. खा गप.” आणि तूप वाढताना हात आखडता घेतला नाही. एरवी माझं कोलेस्टेरॉल तिला तोंडपाठ असतं. योगायोग म्हणायचा.

२६ फेब्रुवारी

रस्ता सापडला. सात नंबरचा कळप काढून टाकायचा! ‘तांत्रिक कारणास्तव वगळला’ एवढं एक वाक्य. उरलेल्या दहा कळपांत अर्ध्या किलोची उसळी आहेच. लहान का होईना, माझी आहे. मेअखेर ताठ मानेनं निरोपाचा नारळ घेतो, पुढं कोण विचारतंय?

उद्या प्रियंकाला सांगतो. मनाला बरं वाटत नाहीये, पण वाटेल हळूहळू.

२७ फेब्रुवारी

सांगितलं. ती जरा वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिली. मग म्हणाली, “केराबाईंनी सही केलीय, सर. नावासकट.”

एवढंच. मग कपाटातून सात नंबरच्या सहा वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. “काढायचंच असेल तर एकदा वाचून काढा.”

उद्धट म्हणावं तर आवाज अगदी मऊ होता.

१ मार्च

दोन दिवस वाचतोय.

“घोंगडं कोरडं, २.५. चंद्री रुसली.” “घोंगडं ओलं, ४.४. धुळाचा पाय मुरगळला.” “घोंगडं दमट, ३.१. दुपारी मेंढरं बसवली, चारायला नेली नाहीत.” दर पंधरा दिवसांनी. सहा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

प्रियंका म्हणाली, ही केराबाईची जुनी रीत. लोकर विकताना व्यापारी पोत्यासकट तोलतो, म्हणून आधी रिकामं पोतं तोलून दाखवायला लावायचं. मेंढ्यांनाही तिनं तोच कायदा लावला. आधी घोंगडं, मग मेंढी. म्हणजे सगळी वजनं दुरुस्त करता येतील, अगदी ग्रॅमपर्यंत. मी जो कचरा म्हणून गाळत होतो, त्यात सगळं होतं.

मी चिडलो. “अगं मग सांगितलं का नाहीस मला?”

“सांगितलं की सर. नऊ वेळा.”

“कधी? तारखा सांग.”

“शेऱ्यात आहेत,” ती म्हणाली.

आहेत! नऊच्या नऊ. “घोंगड्याचं सरांना सांगितले. ऐकले नाही.” “सरांना पुन्हा सांगितले. सर फोनवर.” आणि शेवटचा, गेल्याच महिन्यातला, ९ तारखेचा: “सरांना सांगू लागले. सर म्हणाले, विज्ञानात जावई नसतो.”

आणि हा रकाना जगाला खुला करायचा आहे. कपाळ माझं!

२ मार्च

प्रियंकानं स्वतःच विचारलं, “ते नऊ शेरे काढू या का सर? माझेच आहेत. मी काही म्हणणार नाही.”

मी म्हटलं, बघू. खरं सांगायचं तर ‘काढ’ हा शब्द जिभेवर आला होता. चौतीस वर्षांची नोकरी. लोक मला विचारून मेंढ्या विकत घेतात. आणि जगात माझ्या नावापुढं राहणार काय, तर ऐकले नाही.

८ मार्च

टाईप करायला माणूस नाही म्हणून लीला यायला लागली. मी बोलावलं नव्हतं, डबा घेऊन हजर झाली. “वजाबाकी आहे म्हणे,” म्हणाली. ती आणि प्रियंका खुर्च्या जोडून बसतात, एक वाचते आणि दुसरी टाईप करते. मध्येच दोघी फिदीफिदी हसतात. आज चंद्रीनं प्रियंकाची ओढणी खाल्ल्याची नोंद निघाली. गुरुशांत बाहेरून डोकावला, “काय चाललंय?” आणि तोही स्टूल घेऊन बसला. सहा वर्षांत ह्या प्रकल्पावर कुणी इतकं खूश झालेलं मी पाहिलं नाही. मीही हसलो, खोटं कशाला लिहू.

सात नंबरचा हिशोब संध्याकाळी पुरा झाला. दोन किलोंची उसळी साफ गेली, उरला तोच अर्धा किलो. मी म्हटलं, निदान तो तरी! लीलानं चष्मा वर केला. “मेंढीच्या अंगावर लोकर असते ना हो? ती नाही का भिजत?”

प्रियंकानं खाली मान घातली. गुरुशांत छताकडं बघायला लागला. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो आणि म्हटलं, “लिहा. लोकर भिजते.”

आश्चर्य म्हणजे घरी येताना हलकं वाटत होतं. नळाला पाणीही आलं होतं.

१९ मार्च

नऊ शेऱ्यांचं अजून ठरत नाही. रोज ऑफिसात जातो, ती ओळ बघतो, परत येतो. लीला काही विचारत नाही. नुसती म्हणाली, “शाळेत मी उत्तर खोडलेलं चालवून घ्यायचे, पण पान फाडलेलं नाही.” कशावरून बोलली कुणास ठाऊक.

२८ मार्च

टाकली. सकाळी साडेअकराला. सगळे अकरा कळप, सगळे रकाने, नऊच्या नऊ शेरे.

पद्धतीच्या टिपणात मी स्वतःच्या हातानं लिहिलं: “कळप सातमध्ये कापडी झोळीऐवजी घोंगडे वापरले गेले. निरीक्षकांनी घोंगड्याचे वजन दर वेळी नोंदवले. प्रकल्पप्रमुखाने सहा वर्षे शेरा वाचला नाही.” नावांच्या जागी आधी केराबाई धुळा, मग प्रियंका, मग मी.

गुरुशांतनं वाचलं. “सर, स्वतःची चूक लिहायलाच पाहिजे असं काही नियमात नाही हो.”

“एकही रकाना गाळायचा नाही असं आहे की.”

त्यानं माझा हात धरला आणि चक्क मोठ्यानं हसला. ह्या माणसाला आवाज आहे हे मला आज कळलं! प्रियंकाचे डोळे भरून आले होते, मी पंखा वाढवायच्या निमित्तानं उठलो. बटण दाबण्याआधी ते नऊ शेरे पुन्हा एकदा वाचले होते, हेही लिहून ठेवतो.

४ एप्रिल

पोर्टलवर आकडा दिसतो, किती जणांनी माहिती उतरवून घेतली त्याचा. आज चार. त्यातला एक मी, एक प्रियंका, एक गुरुशांत. चौथं कोण? लीला म्हणते, तिला काय माहीत.

११ एप्रिल

आकडा सव्वीस! आणि जोधपूरहून एका मुलीचा ईमेल. तीही मेंढ्यांवरच काम करते. तिनं शेऱ्याचा रकाना अख्खा भाषांतर करून घेतला म्हणे. विचारते, उन्हाळ्यात सगळ्या कळपांचं वजन उतरतं, मग सात नंबरचं का उतरत नाही? शेऱ्यात तेव्हा दर वेळी ‘दुपारी मेंढरं बसवली’ असं आहे, ते काय आहे? केराबाईंना विचारून सांगाल का?

मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माळावर काही नव्हतं, पण बाईपाशी होतं. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याचं काही वाटलं नाही. प्रियंकानं फोन लावून दिला.

“दुपारी मेंढरं बसवता, ते कसं?”

“कसं म्हंजी? उनाचं मानूस तरी चालतंय का? मोठ्या लिंबाखाली डोक्याला डोकं लावून बसवायची, पानी पाजायचं, आन् ऊन कललं की सोडायची. दिवस बुडल्यावर बी चारायची. ह्यात इचारण्यासारकं काय हाय?”

“ती जोधपूरची मुलगी विचारतेय. लांब राजस्थानातली.”

पलीकडून प्रश्न आला, “तिनं माजं नाव वाचलं?”

“वाचलं.”

“कसं लिवलंय? तुमी वाचून दावा की.”

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचलं, केराबाई धुळा, निरीक्षक. पलीकडून ती धुळाला हाक मारत होती, आणि मला म्हणत होती, परत वाचा, ह्यास्नी आयकू द्या. मी चार वेळा वाचलं. पुढच्या टप्प्यात प्रियंकाचा विषय हाच, गुरुशांतनं लगेच सांगून टाकलं.

घरी आल्यावर लीलाला खणाची किल्ली दिली. म्हटलं, जगाला सगळं वाचायला दिलं, तुला का नको? तिनं पदराला हात पुसले, किल्ली बघितली आणि परत चष्म्याच्या घरात ठेवली.

“राहू द्या. ते कुलूप तीन वर्षांपूर्वीच बिघडलंय. ओढलं की उघडतं.”

ओढून बघितलं. उघडलं.

रागवायला हवं होतं, पण हसूच फुटलं. “म्हणजे तू सगळं…?”

“वाचते मी. पण मेलं लिहायला कुठं जागाच नसते!”

म्हणून आत्ता पट्टी घेऊन पानाच्या उजवीकडं एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, शेरा. वही उघडी ठेवून चहा टाकायला जातोय.

शेरा: दोन दिवसांत गवत उगवत नाही, हे ३ फेब्रुवारीस सांगितले होते. ऐकले नाही. – लीला